पगाराची गाडी की हप्त्याची?

नऊ वर्षं मी पगारावर ट्रक चालवला आणि त्यानंतर सहा वर्षं स्वतःचा. त्यामुळे तरुण ड्रायव्हर भेटले की हमखास विचारतात, आता स्वतःची गाडी घेऊ का? ‘घेऊन टाक’ म्हणणारे त्यांना खूप भेटलेले असतात, ‘नको त्या फंदात पडू’ म्हणणारेही. मी आधी वही मागतो, कारण माझी मालकीची पहिली तीन वर्षं एका साध्या चुकीत गेली. भाड्याचे पैसे यायचे, त्यातून डिझेल, हप्ता, टायर, विमा, दुरुस्ती वजा करायचो आणि उरलं त्याला नफा म्हणायचो. त्या उरलेल्या रकमेत माझी स्वतःची मजुरी होती. तेवढी तर मला कंपनीत एक पैसा न गुंतवता मिळत होती! ती बाजूला काढून पाहिली तेव्हा कळलं की गाडीने काहीच कमावलेलं नाही. जास्त तास राबून मी जुनाच पगार घरी नेत होतो.

म्हणून पुढची सगळी तुलना एका अटीवर वाचा. स्वतःच्या गाडीचा हिशेब मांडताना खर्चाच्या पहिल्या ओळीत ड्रायव्हरचा पगार लिहायचा, ड्रायव्हर तुम्ही स्वतः असलात तरी. त्यानंतर जे उरेल ती गाडीची कमाई.

पगारात न दिसणारे पैसे

नोकरीत हातात येणारी रक्कम ठरलेली असते आणि ती छोटी वाटते. पण गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्ही एक फोन करता. क्रेन, मेकॅनिक, सुटे भाग, उशिरा पोचलेल्या मालाबद्दलची बोलणी हे सगळं दुसऱ्याच्या खिशातून आणि दुसऱ्याच्या डोक्यातून जातं. तुम्ही आजारी पडलात तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसतो. मालकाचं तसं नसतं. तो तापाने पडला तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही.

नोकरीतही पगाराची पद्धत आधी पाहा. महिन्याचा ठरलेला पगार, फेरीमागे पैसे आणि किलोमीटरमागे पैसे या तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत असंच समजा. किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर गोदामाच्या दारात सहा तास उभं राहण्याचा तोटा तुमचा. म्हणजे मालकाची जोखीम तुमच्याकडे आली आणि मालकाचा फायदा मात्र आला नाही. युरोपीय संघाच्या नियम ५६१/२००६ मध्ये तर रस्त्यावरच्या सुरक्षेला धोका होईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर ड्रायव्हरचे पैसे ठरवायलाच मनाई आहे. थांबून राहण्याचा संबंध नुसत्या कमाईशी नाही, जिवाशीही आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार माल भरण्या-उतरवण्याच्या ठिकाणचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला की अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. वाया गेलेला वेळ भरून काढायला माणूस घाई करतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

नोकरी म्हणजे पक्कं काम, असंही धरून चालू नका. अमेरिकेतली ‘यलो’ ही १९२४ पासूनची मालवाहतूक कंपनी ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. फरक इतकाच की त्या ड्रायव्हरांच्या डोक्यावर ट्रकचं कर्ज नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दुसरीकडे अर्ज करू शकत होते.

रिकामे किलोमीटर

दोन्ही बाजूंमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो. पगारी ड्रायव्हरला गाडी भरलेली असो वा रिकामी, फारसा फरक पडत नाही. उलट रिकामी गाडी चालवायला हलकी. मालकाला मात्र परतीचं भाडं मिळालं की नाही, यावर महिना ठरतो.

समजा तुमची गाडी महिन्याला १०,००० किलोमीटर चालते आणि सगळा खर्च, तुमच्या पगारासह, किलोमीटरला १०० पडतो (नाणं कुठलंही घ्या). त्यातले ७,००० किलोमीटर भरलेले आणि ३,००० रिकामे. समोरचा माणूस तुम्हाला भरलेल्या किलोमीटरला १२० देतो म्हणाला, तर ऐकायला वीस टक्के नफा वाटतो. प्रत्यक्षात तुमच्या हातात ८,४०,००० येतात आणि खर्च १०,००,००० होतो. नुसता खर्च भागवायलाच भरलेल्या किलोमीटरला १४३ लागतात. हे गणित न मांडता भाडं ठरवणारे मालक मी कितीतरी पाहिले. चांगले ड्रायव्हर होते, दिवसरात्र मेहनत करणारे होते, आणि तरीही दर फेरीला थोडं थोडं हरत होते.

युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीत तिथल्या मालगाड्यांच्या एकूण किलोमीटरपैकी साधारण पाचवा हिस्सा रिकामा जातो. त्यात मोठमोठ्या कंपन्या आहेत, ज्यांच्याकडे गाड्या जुळवणारी माणसं आहेत आणि सॉफ्टवेअर आहे. एक गाडी आणि एक फोन घेऊन तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगलं जमवाल, असं पहिल्याच वर्षी गृहीत धरू नका. परतीचं भाडं दलालाकडून घेतलं तर त्याची दलाली जाते. त्याची वाट पाहत दोन दिवस थांबलात तर गाडी उभी राहते, आणि उभ्या गाडीचाही हप्ता आणि विमा चालूच असतो. कधीकधी रिकामं निघणंच स्वस्त पडतं. ते तिथल्या तिथे ठरवायला स्वतःचा किलोमीटरचा खर्च तोंडपाठ हवा.

हप्ता आणि उधारी

कर्जाचं एक उदाहरण मांडून दाखवतो. १,००,००० कर्ज, वर्षाला १२ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण २,२२४ येतो आणि पहिल्या हप्त्यातले १,००० नुसत्या व्याजात जातात. दोन वर्षांनी तुम्ही ५३,००० हून जास्त भरलेले असतात, पण मुद्दल कमी झालेलं असतं फक्त ३३,००० च्या आसपास. म्हणजे ६७,००० अजून देणं बाकी. त्या वेळी गाडी बाजारात ६०,००० ला जात असेल, तर गाडी विकूनही कर्ज फिटत नाही. ‘नाही जमलं तर विकून टाकू’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावावा.

मंदीत नेमकं हेच होतं. अमेरिकेत २०२१ मध्ये भाडी चढली, जुन्या ट्रकांच्या किमती २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर गेल्या आणि हजारो ड्रायव्हरांनी त्याच भावात गाड्या घेतल्या. पुढे भाडी उतरली, डिझेल चढलं, हप्ता मात्र शिखरावरच्या किमतीचाच राहिला. अनेकांना धंदा बंद करावा लागला. यात त्यांच्या गाडी चालवण्याचा काही दोष नव्हता. सगळे घेतात तेव्हा गाडी महाग मिळते, आणि सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या की भाडं पडतं.

दुसरी गोष्ट उधारीची. डिझेलचे पैसे आज द्यावे लागतात, भाड्याचे पैसे महिना-दोन महिन्यांनी येतात. गाडी लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर १०,००० किलोमीटरला २,५०० लिटर डिझेल लागतं. साठ दिवसांची उधारी म्हणजे पहिला पैसा हातात पडण्याआधी ५,००० लिटर डिझेल तुमच्या खिशातून जळालेलं असतं. शिवाय दोन हप्ते आणि घरखर्च. डाउन पेमेंटमध्ये सगळी शिल्लक ओतणारा माणूस गाडीच्या दोषामुळे बुडत नाही, या दोन महिन्यांत बुडतो. माझाही एक मोठा ग्राहक होता. पैसे बुडवायचा नाही, पण नव्वद दिवसांशिवाय द्यायचाही नाही. त्याचं काम सोडताना मला भीती वाटली होती. सोडल्यावर लहान तीन ग्राहक धरले आणि घरात पहिल्यांदा महिनाअखेर शांततेत गेली.

मालकाच्या बाजूने बोलणारे आकडे

एवढं वाचून मी नोकरीच्याच बाजूने आहे असं वाटेल, पण तसं नाही. हाताखालच्या गाडीवर ज्याचा जीव आहे त्याला मालकीत जे मिळतं ते नोकरीत कधीच मिळत नाही. पुन्हा डिझेलच घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ९० वर गेलात की तो सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला असतो. वेग आवरला, टायरमधली हवा दर आठवड्याला तपासली, उगाच इंजिन चालू ठेवून उभं राहणं टाळलं आणि ॲव्हरेज ४ वरून ४.५ वर आणलं, तर महिन्याला जवळजवळ २८० लिटर वाचतात. पगारी ड्रायव्हरने हे केलं तर कंपनी फार तर थोडा बोनस देते, बहुतेक ठिकाणी काहीच नाही. मालकाला ते सगळंच्या सगळं मिळतं. चांगल्या हाताच्या ड्रायव्हरला त्याच्या हाताची किंमत पूर्ण मिळण्याची ही एकच जागा आहे, आणि म्हणूनच मी गाडी घेतली याचा मला आजही आनंद आहे.

कुठलं काम घ्यायचं आणि कुठलं नाकारायचं हेही हातात येतं. पण ‘स्वतःचा राजा’ हे अर्धंच खरं. विश्रांतीचे नियम मालकालाही तेच लागू. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबायचं आणि दिवसाला साधारणपणे ९ तासच चालवायचं. अमेरिकेत १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास स्टिअरिंग. हप्ता चुकत असताना ‘अजून दोन तास ओढू’ असं वाटतं, आणि अडवणारा वरचा कुणी नसतो. नोकरीत निदान कंपनी परवान्याच्या भीतीने अडवते.

दुरुस्तीबद्दल एकच इशारा देतो. हप्ता कमी यावा म्हणून जुनी गाडी घेताना फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स ऐकू नका. नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत एक्झॉस्टला फिल्टर आणि डीईएफची (धूर स्वच्छ करायला सोडल्या जाणाऱ्या द्रवाची) यंत्रणा असते. तिचा एखादा सेन्सर बिघडला तरी गाडी स्वतःहून ताकद कमी करू शकते आणि भरलेल्या मालासकट रस्त्याच्या कडेला उभी राहू शकते. त्या भागाची आधीच्या मालकाची बिलं मागा. बिलं नसतील तर किंमत पाडून घ्या किंवा उठून या.

मधला रस्ता आणि त्यातला खड्डा

‘गाडी आमची, हप्ता तुमच्या भाड्यातून कापू, काही वर्षांनी गाडी तुमची’ असं सांगणाऱ्या कंपन्या जगभर आहेत. डाउन पेमेंट नाही म्हणून ड्रायव्हर सही करतात. यात गाडी त्यांची, काम त्यांचं आणि कापायची रक्कमही तेच ठरवणार. काम कमी दिलं की हप्ता फिटत नाही, आणि मधेच सोडलं तर गाडीही जाते आणि भरलेले पैसेही. अमेरिकेत सरकारने नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ च्या अहवालात अशा करारांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली. दुसऱ्या कुणाचं काम घेण्याची मुभा आणि मधेच सोडल्यास भरलेल्या पैशांचं काय होतं, या दोन गोष्टी करारात स्पष्ट लिहिलेल्या नसतील तर मी त्यावर सही करू नका असंच सांगेन.

मग कुणी काय करावं? घरात आजारपण असेल, मुलं लहान असतील आणि बाजूला सहा महिन्यांचा खर्च नसेल, तर चांगली पगारी नोकरी धरावी आणि पगाराची पद्धत सुधारून घेण्यासाठी भांडावं. ज्याला माल देणारे दोन-तीन जण नावाने ओळखतात, हिशेब लिहिण्याचा कंटाळा नाही आणि थकलेली उधारी मागायला तोंड आहे, त्याने गाडीचा विचार करावा. गाडी उत्तम चालवता येणं दोन्हीकडे लागतंच, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही.

नोकरीत असतानाच तीन महिने वही लिहा. प्रत्येक फेरीला भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, डिझेल, उभं राहिलेले तास, दुरुस्ती. गाडी कंपनीची आहे, पण आकडे तुम्हाला फुकट मिळताहेत. भाडं किती ठरलं होतं तेही जमलं तर विचारून घ्या. त्यातून तुमचा पगार आणि होऊ घातलेला हप्ता वजा करून पाहा.

माझी दुसरी गाडी मी अशा वहीवर घेतली. जाण्याचं काम एका कारखान्याचं आणि येण्याचं दुसऱ्याचं, दोघांनी वर्षभराचं लेखी दिलं, मगच गाडी पाहायला गेलो. तिच्या पहिल्या वर्षात रिकामे किलोमीटर दहात दोनच्या खाली राहिले, आणि तिच्यावरच्या ड्रायव्हरला मी महिन्याचा ठरलेला पगार देतो.