सीता अशोकाच्या नावाखाली भलतंच बी गळ्यात मारलं, मागवणार असाल तर आधी हे वाचा

फोनवर फोटो बघून झाडांच्या बिया मागवणारे आपल्याकडे खूप वाढलेत म्हणून लिहितेय. अंगणात गडग्याच्या कडेला सीता अशोक लावायचा होता, झाड फार मोठं होत नाही, सावलीला चांगलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला खोडापर्यंत केशरी-लाल गुच्छ लागतात ते बघायला आईला फार आवडतात. नर्सरीत रोप मिळेना. मग व्हॉट्सअॅपवर एका विक्रेत्याचा मेसेज फिरत आला, ओरिजिनल सीता अशोक, १० बिया ३५० रुपये, कुरिअरचे ८० वेगळे, उगवण्याची १०० टक्के गॅरंटी आणि खाली खूश झालेल्या गिऱ्हाइकांचे स्क्रीनशॉट. पैसे आधी, तेही कोणाच्या तरी पर्सनल नंबरवर.

गणपतीच्या गडबडीत पार्सल आलं, आमच्या गावात कुरिअर येत नाही, शृंगारतळीला जाऊन आणलं. आत प्लास्टिकच्या पुडीत फिकट तपकिरी लांबट गोल बिया, प्रत्येकीला उभी गोल खाच, दोरा करकचून बांधल्यासारखी. पुडीवर चिकटवलेलं, "दोन वर्षे टिकतात". काही पेरल्या, काही ठेवल्या.

उगवल्या हो! तीच तर गंमत. दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी वर आल्या, पण पान बघते तर एकेकटं, चकचकीत, कडेला लाटा. सीता अशोकाचं तसं नसतं, एका देठावर पानांच्या जोड्या असतात आणि नवी पालवी तांबूस, मऊ, खाली लोंबलेली. त्याला फोटो पाठवला तर म्हणतो, "ताई, लहानपणी अशीच असतात, रोप मोठं झालं की पानं बदलतात." काय बोलायचं?

शेजारचे तात्या पान खायला बसलेले, त्यांनी उरलेली एक बी घेतली आणि सरळ अडकित्त्याने कातरली. आत सुपारीत असते तशी पांढरी-तपकिरी नक्षी! तात्या म्हणाले, "अगो, ह्या त्या उंच सरळ अशोकाच्या बिया, शाळेच्या कंपाउंडला लावतात ना तो. वटवाघळं फळं खाऊन बिया खाली टाकतात, सकाळी जाऊन टोपलीभर गोळा कर, फुकट." सीता अशोकाची बी मोठी, चपटी, शेंगेत असते, आणि कापली तर आत दोन जाड डाळिंब्या, नक्षी बिक्षी काही नाही.

ती "दोन वर्षे टिकतात" वाली चिठ्ठी तर त्याहून मोठी थाप. सीता अशोकाची बी वाळली की मरते, शेंगेतून काढली की लगेच पेरायची. म्हणजे बारा महिने कोरड्या पाकिटात जो कोणी विकतोय त्याच्या बिया खऱ्या असल्या तरी बहुतेक मेलेल्याच असणार. ह्याच्या उगवल्या कारण त्या उंच अशोकाची फळं पावसात पिकतात, गणपतीला माल ताजा होता एवढंच.

पैसे परत मागितले तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठाय, व्हिडिओ नाही तर रिफंड नाही. मग ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार नोंदवली आहे, पण बिल नाही, दुकानाचं नाव नाही, हातात नुसता मोबाइल नंबर, त्यामुळे पुढे काय होईल ती आशाच. रक्कम मोठी असेल तर १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सायबर हेल्पलाइनला, वेळ न घालवता फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा, ब्लॉक व्हायच्या आधीच काढा.

बी हवीच असेल तर विकणाऱ्याकडे झाडावरच्या शेंगेचा आणि पानाचा एकत्र फोटो मागा, नेटवरचा नको, आजचा काढलेला. त्यापेक्षा जवळपास कुठे देवळाच्या आवारात झाड असेल तर गुरवांना सांगून ठेवा, उन्हाळा सरताना शेंगा पडतात त्या आणून त्याच आठवड्यात पेरायच्या, माती ओली पण पाणी साचायला नको. फुलं यायला मात्र काही वर्षं थांबावं लागतं, पुढच्याच वर्षी फुलं येतील असं कोणी सांगत असेल तर तोही त्यातलाच.

तो माणूस नवा नंबर घेऊन परत आलाय म्हणे, आता सोनचाफ्याच्या बिया विकतोय, स्क्रीनशॉट तेच.