525 सालचं डायोनिसियसचं ईस्टर-कोष्टक: काही महिन्यांच्या वापरानंतर

डायोनिसियस एक्झिगुअस या ख्रिस्ती भिक्षूने ईस्टरचा रविवार ठरवण्यासाठी 525 साली रोममध्ये मांडलेलं हे कोष्टक गाजलं ते इसवी सनामुळे. आधीच्या अलेक्झांड्रियन कोष्टकाची शेवटची ओळ डायोक्लेशियन शकाच्या 247 ची, आणि याची पहिली थेट 532 ची. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाच्या, म्हणजे डायोक्लेशियनच्या, नावाने वर्षं मोजायची नाहीत, हे त्याचं कारण. पण जुनी पत्रं, इतिवृत्तं यांच्या तारखा लावताना सर्वांत कमी उपयोग होतो तो याच रकान्याचा. खरी मदत उरलेल्या सात रकान्यांची होते, कारण ते एकमेकांचा ताळा देतात.

532 ची ओळ पाहा: इंडिक्शन (15 वर्षांच्या चक्रातला वर्षाचा क्रमांक) 10, चौदावा चंद्र (चांद्रमासाचा चौदावा दिवस) 5 एप्रिलला, ईस्टर 11 एप्रिलला, त्या रविवारी चंद्राचं वय 20. सहा दिवसांचं अंतर 14 मध्ये मिळवलं की 20. बेरीज जुळली नाही, तर नकलाकाराने रोमन आकड्यातली एखादी उभी रेघ गाळली आहे असं धरून त्या ओळीकडे परत जावं.

कोष्टक 532 ते 626 एवढंच आहे. बाहेरच्या वर्षाला सोबतचे नियम लावायचे. 525 च घेऊ. इंडिक्शनसाठी सालात 3 मिळवून 15 ने भागायचं: बाकी 3. एपॅक्ट म्हणजे 22 मार्चचं चंद्राचं वय. सालाला 19 ने भागून बाकी 12, गुणिले 11 म्हणजे 132, त्यातून तिसाचे गट काढले की 12. हे 36 मधून वजा केलं की चौदावा चंद्र 24 मार्चला. (उत्तर 21 पेक्षा कमी आलं तर 30 मिळवायचे आणि 31 च्या वरचे दिवस एप्रिलचे.) वारासाठी साल, त्याचा पूर्णांकी चतुर्थांश 131 आणि 4 यांची बेरीज 660, 7 ने भागून बाकी 2 (1 म्हणजे रविवार), म्हणजे 24 मार्चला सोमवार. पुढचा रविवार 30 मार्च, तोच ईस्टर.

घोळ ठरलेल्या जागी होतात. बाकी शून्य आली तर इंडिक्शन 15 आणि वाराचा आकडा 7 धरायचा. एपॅक्ट मात्र शून्यच ठेवायचा. एपॅक्ट दर वर्षी 11 ने वाढतो, पण 19 वर्षांच्या चक्राच्या शेवटी 12 ने, नाहीतर नवं चक्र शून्याऐवजी 29 ने सुरू होतं. (19 वर्षांत 7 जादा महिने, अधिकमासाचा हिशेब ठाऊक असलेल्याला हे नवं नाही.) चौदावा चंद्र रविवारीच आला तर ईस्टर पुढच्या रविवारी. रोमन तारखेत दोन्ही टोकं मोजतात, म्हणून एप्रिलच्या ईदांआधीचा (ईद म्हणजे 13 तारीख) तिसरा दिवस 11 तारीख, 10 नव्हे. आणि इंडिक्शन 1 सप्टेंबरला बदलतं: ऑक्टोबरच्या पत्रावर 4 दिसलं तर ते 525 चंच असू शकतं.

गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्समधल्या) कागदांना मात्र हे कोष्टक लावू नये. तिथे व्हिक्टोरियस या दुसऱ्या गणकाचं 457 चं ईस्टर-कोष्टक चालायचं, ऑर्लेआँच्या 541 च्या धर्मसभेने तेच बंधनकारक केलं. त्यात ईस्टरच्या रविवारी चंद्र 16 ते 22 चा चालतो, डायोनिसियसकडे 15 ते 21 चा. काही वर्षी दोन्हींचे रविवार वेगळे पडतात, तेव्हा तारीख जुळत नाही म्हणून लेखकाला चुकीचा ठरवण्याआधी व्हिक्टोरियसचा रकाना उघडावा.