महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना: आईच्या डायलिसिसच्या आठ महिन्यांचा अनुभव

देवगड तालुक्यातील आमच्या गावातून आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा न्यावे लागते, याला आता आठ महिने होत आले. आंब्याच्या बागेतली मजुरी आणि हंगामात जाळी विणण्याचे काम यांवर चालणाऱ्या आमच्या घराला हा खर्च स्वतःच्या खिशातून दोन महिनेही झेपला नसता. मंजुरी मिळाल्यापासून आजवर डायलिसिसच्या एकाही फेरीचे पैसे भरावे लागलेले नाहीत, तेव्हा राज्य सरकारची ही मोफत उपचारांची योजना नसती तर आई आज आमच्यात नसती, हे मी मनापासून लिहितो.

सुरुवात मात्र त्रासाची झाली. आमच्याकडे लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे शिधापत्रिकेवर आईचे सासरचे नाव होते आणि आधारवर माहेरचे. एवढ्या एका फरकामुळे पहिली पूर्वमंजुरी, म्हणजे उपचाराआधी योजनेकडून घ्यावी लागणारी परवानगी, अडली आणि नाव दुरुस्त होईपर्यंतचे तीन आठवडे आम्ही उसनवारीवर काढले. चाकरमानी भावाच्या मुंबईच्या पत्रिकेत ज्यांच्या आईवडिलांची नावे अजून आहेत, त्यांनीही हे आधीच तपासावे. पुढचे सारे काम आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाने, केले. एकदा तपासणीसाठी अनामत मागितली गेली, तेव्हाही त्यानेच मध्ये पडून ती थांबवली.

पात्रतेबद्दल गावात अजून जुनीच समजूत आहे. पूर्वी पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्यांपुरती असलेली ही योजना २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानुसार पांढऱ्या पत्रिकेच्या कुटुंबांनाही खुली करण्यात आली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवले गेले. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादाही अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. परंतु हे पाच लाख माणशी नाहीत, ते साऱ्या कुटुंबाला मिळून वर्षभरासाठी आहेत. आईचा डायलिसिस वर्षभर चालणार असल्याने उद्या वडिलांवर शस्त्रक्रियेची वेळ आली तर किती रक्कम उरलेली असेल, हे आम्ही दर महिन्याला आरोग्यमित्राकडे विचारून घेतो.

योजनेबाहेरचा खर्चही सांगायला हवा. दाखल न होता केलेली बाह्यरुग्ण तपासणी, बाहेरून आणलेली औषधे आणि प्रवास हे सारे आमचेच. पावसाळ्यात एसटी चुकली की रिक्षा करावी लागते आणि सोबत जाणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो वेगळाच. गरीब घराला हा भार हलका नाही; डायलिसिसच्या रुग्णाला प्रवासभत्ता मिळायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी आत्या सत्तरी ओलांडलेली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतून मोफत उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, म्हणून आधारवरून तिची ओळख पडताळून तेही गेल्या महिन्यात काढून घेतले.