व्हायलवर नाव एमएमपी-९, आत भलतंच एन्झाइम

मार्चची सुरुवात होती. प्रकल्पाचे पैसे ३१ तारखेच्या आत खर्च झाले नसते तर परत गेले असते, आणि आम्हाला दहा मायक्रोग्रॅम रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकतंत्राने बनवलेलं, मानवी एमएमपी-९ हवं होतं. हे एन्झाइम पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळं तोडतं. कर्करोग पसरण्यात त्याचा हात असतो, म्हणून त्याला रोखणारी द्रव्यं शोधली जातात. मी गोव्यातल्या चोडणच्या कांदळवनातल्या पानांचा अर्क तपासत होते.

अधिकृत वितरकाचा दर ४६ हजार, आणि सहा आठवडे थांबा. दुसऱ्या एका पुरवठादाराने २९ हजारांत आठ दिवसांत द्यायचं कबूल केलं. पैसे मात्र आगाऊ. सरांनी विचारलं, "बघ बाई, खात्री आहे ना तुझी?" मी हो म्हटलं.

पार्सल आलं ते नेमकं शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी, पणजीच्या बसस्टँडवर. खोक्यात कोरडा बर्फ नव्हता, जेलची वितळलेली पाकिटं होती. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, पावडर आहे, काही होत नाही." गोठवून सुकवलेलं एन्झाइम थोडे दिवस तग धरतं, म्हणून मी गप्प बसले.

पण व्हायलच्या, म्हणजे छोट्या कुपीच्या, तळाशी तपकिरी पावडरचा छोटा ढीग होता. मी तिथेच हात आखडता घ्यायला हवा होता. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग, त्याचा ढीग दिसेलच कसा? "कॅरियर प्रोटीन घातलंय," असं उत्तर मिळालं. टिकावं म्हणून अल्ब्युमिन मिसळतात हे खरं, पण ते पांढरट असतं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते एन्झाइम चाललं. झायमोग्राफीत जेलमध्ये जिलेटिन मिसळलेलं असतं. निळा रंग दिला की एन्झाइमने जिलेटिन खाल्लेली जागा पांढरी राहते. आमचे पट्टे लख्ख पांढरे यायचे आणि ईडीटीए घातलं की नाहीसे व्हायचे. एमएमपीला जस्त आणि कॅल्शियम लागतं, ईडीटीए ते काढून घेतं. तेव्हा सगळं जुळत होतं. पट्टा मार्करच्या (शेजारी चालवलेल्या, ठरावीक वजनाच्या प्रथिनांच्या) मानाने वर दिसायचा, तो मी जेलचा दोष समजत राहिले. चार महिने.

जुलैत एक ज्युनिअर मुलगी एपीएमए, म्हणजे एन्झाइम चालू करणारं रसायन, घालायला विसरली. "ताई, न घालताही तेवढंच काम करतंय." मी तिची वही दोनदा वाचली. सोबतच्या प्रमाणपत्रावर प्रो-रूप, म्हणजे अजून चालू न झालेलं रूप, असं लिहिलं होतं. प्रो-रूपात एक सिस्टीन जस्ताला धरून एन्झाइमचं तोंड बंद ठेवतं; एपीएमए हे पाऱ्याचं संयुग ती पकड सोडवतं. द्रावणात त्याच्याशिवाय प्रो-रूपाने इतकं काम करायलाच नको.

मग टिम्प-१ घातलं, एमएमपींना रोखणारं शरीरातलंच प्रथिन. मानवी एमएमपी-९ त्याने अडायलाच हवं. आमचं अडलं नाही. एमएमपी-९च्या प्रो-रूपाचं वजन ९२ किलोडाल्टन; तिथे पट्टा नव्हता, होता तो ११०च्या आसपास, खाली आणखी काही. शेवटी ऊतींतून पेशी सुट्या करायला वापरतो ते क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचं कोलॅजनेज शेजारच्या लेनमध्ये चालवलं. दोन्ही लेन हुबेहूब सारख्या! हे ग्रॅमवारी मिळतं, मायक्रोग्रॅमवारी नव्हे. तेही जस्त-कॅल्शियमवरच चालतं, म्हणून ईडीटीएची चाचणी आम्हाला वाचवू शकली नाही.

लेबलवरचा लॉट नंबर मूळ उत्पादकाला कळवला. दोन दिवसांत उत्तर आलं: हा लॉट एका अँटिबॉडीचा आहे. प्रमाणपत्र कुणाचं तरी, नाव बदललेलं. पुरवठादार आधी म्हणाला, तुमची पद्धत चुकली. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पैसे आलेले नाहीत. संस्थेने तक्रार केली आहे, पण मी खोकं फेकून दिलं होतं आणि सीलबंद व्हायलचा फोटो काढला नव्हता, त्यामुळे आमची बाजू लंगडी पडते. तुम्ही तरी पार्सल उघडण्याआधी सगळ्याचे फोटो काढा आणि लॉट नंबर उत्पादकाकडूनच पडताळून घ्या, विकणाऱ्याकडून नव्हे. आणि पहिल्याच दिवशी एपीएमएसह, त्याच्याशिवाय आणि टिम्प-१ घालून अशा तीन चाचण्या करा. त्याला एन्झाइम फारच थोडं लागतं.

परिषदेला पाठवलेला सारांश मी मागे घेतला. अर्काचे सगळे जेल पहिल्यापासून करायचे आहेत. नवी व्हायल सोमवारी कोरड्या बर्फात येते आहे. तिचा लॉट नंबर मी आधीच मागवून तपासला.