कमरपट्टा की व्यायाम? गोण्या वाहणाऱ्याच्या पाठीसाठी

कंबर धरली म्हणून काम सोडणे ज्याला परवडत नाही, त्याच्यापुढे गोळ्या-मलमांचा पहिला आठवडा सरल्यावर दोन मार्ग उरतात : औषधांच्या दुकानात मिळणारा कमरपट्टा बांधून काम चालू ठेवणे, किंवा पाठीचे स्नायू पुन्हा घडवणारे व्यायाम रोज नेमाने करणे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात टोळीत काम करताना मी आधी आठ महिने पट्टा वापरला आणि त्यानंतर गेले दीड वर्ष व्यायामावर आहे, त्यामुळे दोन्हींविषयी थोडेफार सांगता येईल. दुखणे गुडघ्याखाली उतरत असेल, पाय लुळा पडत असेल, किंवा जांघेत बधिरता येऊन लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र ही तुलना बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पट्ट्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तो ताणून बांधला की पाठीला मागून कोणी हात दिल्यासारखे वाटते आणि आपण नकळत कमरेऐवजी गुडघ्यात वाकू लागतो. शिवाय पट्टा चारचौघांना दिसतो. तो बांधून आलो त्या दिवसापासून मुकादमांनी मला थप्पीच्या वरच्या थरावरून काही आठवडे दूर ठेवले. व्यायाम करणाऱ्याला अशी सवलत कोणी देत नाही, कारण त्याचे दुखणे कोणाला दिसतच नाही.

माझा निर्णय मात्र ठरला तो पट्ट्याच्या चिकटणाऱ्या पट्टीमुळे. तिच्या बारीक आकड्यांत तागाचे धागे आणि कांद्याची सालपटे अडकतात, वर घाम असतोच, आणि महिन्याभरात तिची पकड जाते. मग पाठीवर ५० किलोची गोणी आणि पायांखाली फळी अशा नेमक्या वेळी पोटाशी ‘चर्र’ असा आवाज होतो, पट्टा सरकून बरगड्यांवर चढतो आणि गोणी उतरवल्याशिवाय तो नीट करता येत नाही. मागचा माणूस खोळंबतो, त्याच्या मागचाही खोळंबतो, आणि टोळीची मजुरी कामावर असल्याने ते बोलूनही दाखवतात. सुईने धागे उपसत मी कित्येक दुपारी घालवल्या. नवा पट्टा घेतला, त्याचीही तीच गत झाली. ज्यांचे काम धूळ-धाग्यांचे नाही, त्यांना हा त्रास कदाचित होणारही नाही.

व्यायामाकडे मी काहीशा नाइलाजाने वळलो. कॅनडातील पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन प्रकार मला शिकवले गेले : उताणे पडून एक पाय दुमडून डोके-खांदे किंचित उचलणे, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग तोलणे, आणि ओणवे होऊन विरुद्ध बाजूचा हात-पाय सरळ लांबवणे. दहा-बारा मिनिटांत ते आटोपतात. अडचण जागेची आहे, कारण आमच्या खोलीत सहाजण झोपतात. दुसरी अडचण धीराची आहे, कारण पहिला महिनाभर मला काडीचाही फरक जाणवला नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सकाळी चप्पल घालताना भिंत धरावी लागली नाही, तेव्हा कुठे विश्वास बसला. हे व्यायाम मी दुपारी करतो. रात्रभर आडवे राहिल्याने सकाळी मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि त्या वेळी वाकण्याचा ताण त्यांना अधिक बसतो. पहाटे कामाला लागण्यापूर्वी थोडे चालून घेणे मला मानवते, तेही याच कारणाने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाचा पुरस्कार आहे आणि पट्ट्यांचा नेहमीचा उपाय म्हणून वापर करू नये असे म्हटले आहे. तरीही आमच्यासारख्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा : दोन्ही हातांनी ओझे उचलण्यासाठी कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या सूत्रात अगदी अनुकूल स्थितीतही २३ किलोचीच मर्यादा धरली आहे. आमची गोणी त्याच्या दुपटीहून जड असते, आणि हे अंतर पट्टाही भरून काढत नाही, व्यायामही नाही. गोणी जमिनीवरून एकट्याने न उपसता दोघांनी उचलून पाठीवर द्यावी, हा टोळीतला जुना रिवाज मी आता कधीच मोडत नाही.

ऐन उसळीच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत पट्टा उपयोगी पडतो असे मला अजूनही वाटते, आणि ज्याला उद्याच कामावर उभे राहायचे आहे त्याला मी तो घेऊ नको म्हणणार नाही. फक्त व्यायाम त्याच आठवड्यात, सोसेल तेवढ्यापासून, सुरू करावा. पट्टा घेताना पुढे बकल असलेला मिळतो का ते पाहावे. मी बराच शोधला, मला मिळाला नाही.