शरीरातलं तांबं: रक्तात, लघवीत की यकृतात मोजायचं?

मुलाचं यकृत बिघडलंय, काविळीचे नेहमीचे विषाणू सापडत नाहीत आणि डॉक्टर म्हणतात, "विल्सन तर नाही ना, बघू या." विल्सन म्हणजे शरीरात तांबं साठत जाणारा आनुवंशिक आजार; तेव्हा तांबं साठतंय का, हे पाहायचं. पण ते शोधायचं कुठे?

आधी रक्त आठवतं, आणि फसगतही तिथेच होते. रक्तातलं बहुतेक तांबं, ढोबळमानाने ९० टक्के, सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं. विल्सनच्या आजारात एटीपी७बी या जनुकातल्या दोषामुळे यकृताला ते तांबं ना या प्रथिनात घालता येत, ना पित्तावाटे बाहेर टाकता येत. त्यामुळे यकृतात तांब्याचा साठा वाढत असतो आणि रक्ताच्या रिपोर्टवर मात्र बहुधा 'कॉपर कमी' असं येतं. तो आकडा पाहून मुलाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्यापेक्षा सेरुलोप्लाझ्मिनच मोजलेलं बरं. चाचणी सोपी आहे आणि थोड्या रक्तात होते. २० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली संशय येतो, १० च्या खाली तो दाट होतो. पण ताप, जंतुसंसर्ग, गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी ते वाढतं, तर कुपोषणात विल्सन नसतानाही घटतं. तान्ह्या बाळांत ते मुळातच कमी असतं. एकट्या या आकड्यावर निकाल देऊ नये.

२४ तासांची लघवी मला जास्त बोलकी वाटते. मोठ्यांत १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं गेलं तर विल्सनकडे बोट जातं. मुलांत ४० च्या वरही दुर्लक्ष करू नये. अडचण असते ती गोळा करण्याची. सकाळची पहिली लघवी सोडायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी धरायची. शाळेत एकदा जरी राहून गेली तरी आकडा खोटा पडतो, म्हणून रविवार निवडा. डबा प्रयोगशाळेनेच दिलेला, धातूचा अंश नसलेला हवा; घरातली बरणी चालणार नाही.

सुईने यकृताचा तुकडा काढणं, म्हणजे बायोप्सी, हे मोठं पाऊल. वाळवलेल्या ऊतीच्या एका ग्रॅममागे निरोगी माणसात तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. २५० च्या वर गेलं तर विल्सनचा भक्कम पुरावा मानतात. पण सुईचा धोका असतो, आणि रक्त गोठत नसेल तर तो फारच वाढतो. सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या यकृतात तांबं सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे तुकडा नेमका कमी तांब्याच्या जागचा येऊ शकतो. शिवाय पित्त दीर्घकाळ तुंबलं तरी यकृतात तांबं साठतं.

तांबं वाढलं म्हणजे विल्सनच, असं नाही, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी १९८० च्या दशकात लहानग्यांच्या सिरोसिसवर काम केलं. त्या बाळांच्या यकृतात तांबं प्रचंड होतं आणि त्याचा धागा पितळी भांड्यात तापवलेल्या, ठेवलेल्या वरच्या दुधापर्यंत जात होता. भांडी बदलली तसा तो आजार जवळपास दिसेनासा झाला. म्हणून घरातल्या भांड्यांबद्दल, कल्हईबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

केसांतलं तांबं मोजण्यावर पैसे घालवू नका. शाम्पू, रंग, नळाचं पाणी यांचाच अंश त्यात येतो.

माझा क्रम असा: सेरुलोप्लाझ्मिन, नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखाली बुबुळाभोवती तांबं साठून आलेलं तपकिरी वलय, आणि २४ तासांची लघवी. तिघांचं उत्तर जुळलं तर सुई बहुधा टळते. जुळलं नाही तर जनुक तपासणी किंवा बायोप्सी. वलय नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. यकृताचा आजार असलेल्या कितीतरी मुलांत ते दिसतच नाही.

निदान पक्कं झालं की सख्ख्या भावंडांना, ती ठणठणीत दिसत असली तरी, तपासायला न्या. प्रत्येकाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि औषध लक्षणांआधी सुरू झालं तर यकृत वाचवता येतं.