प्रागमध्ये एक दिवस आणि हजाराच्या दोन नोटा

मुलगी ड्रेस्डेनला असते. तिथून बसने प्राग दोन-अडीच तासांवर, म्हणून सकाळी जाऊन रात्री परत यायचं ठरवलं. चेकियात युरो नाही, कोरुना चालतो. मुलगी निघताना म्हणाली होती, "बाबा, कार्ड वापरा." पण खिशात रोकड नसली की मला चैन पडत नाही.

प्रागच्या फ्लोरेन्त्स बसस्थानकावरून चालत जुन्या शहराच्या चौकात पोहोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. १४१० सालचं ते खगोलीय घड्याळ तासाला चालू होतं. सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून प्रेषित फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. ते चुकवायचं नव्हतं, आणि पैसे बदलायच्या खिडकीवर सात-आठ माणसं उभी.

तेवढ्यात एक गृहस्थ आला. नीटनेटकं जॅकेट, गोड बोलणं. "मला युरो हवेत, तुम्हाला कोरुना. एका युरोला सव्वीस देतो, कमिशन नाही." बाजारभाव चोवीस-पंचवीसच्या आसपास. ही म्हणाली, "अहो, राहू द्या, रांगेत उभे राहू." मी हिलाच गप्प केलं. शंभर युरो दिले. त्याने माझ्यासमोर मोजलं, वरती दोनशेच्या तीन, खाली हजाराच्या दोन. सव्वीसशे. आकडे मी स्वतः वाचले. मग घंटा वाजली आणि सगळ्यांसारखी माझीही मान वर गेली.

दुपारी जेवणाचं बिल देताना गल्ल्यावरच्या मुलीने हजाराची नोट उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, "बल्गेरिया." तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. आकडा हजारचाच, पण अक्षरं रशियन वळणाची. चेक भाषा रोमन लिपीत लिहितात, हे मला काय माहीत नव्हतं? खऱ्या हजारावर इतिहासकार पालात्स्की असतात, माझ्या नोटेवर बल्गेरियाचे क्रांतिकारक लेव्स्की होते. बल्गेरियाने १९९९ मध्ये हजार जुन्या लेव्हांचा एक नवा लेव्ह केला, त्याच्या आधीची ही रद्दी. सुमारे ऐंशी युरो गेले, म्हणजे आपले सात-साडेसात हजार.

पोलिसांकडे तक्रार लिहून देण्यात दुपारचा बराच वेळ गेला आणि किल्ला राहिला. चार्ल्स पुलावर पोहोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. खरी चुटपुट पुढेच. २०१९ पासून तिथे नियम आहे की परवानाधारक खिडकीवर हजार युरोपर्यंतचे पैसे बदलले आणि दर पटला नाही, तर तीन तासांत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो. रस्त्यावरच्या माणसाची पावती कुठून आणणार? खिडकीवरही आधी विचारा, "शंभर युरोचे हातात नेमके किती मिळतील?" फलकावरच्या मोठ्या अक्षरांतल्या 'शून्य कमिशन'कडे बघू नका. एटीएमने रुपयांत हिशोब करून देऊ का विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा.

आणि गंमत म्हणजे ट्राममध्येसुद्धा तिकिटाला कार्ड चाललं. खऱ्या सहाशेतली दोनशेची एक नोट संध्याकाळी शिल्लक होती. ती मुलीच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, लेव्स्कींच्या त्या दोन नोटांबरोबर.